अक्काची गाडी आणि दोन शून्यं

१९९९ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि धरणगावच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायला लागून मला एकतीस वर्षं झाली होती. माझं शिक्षण चौथी. तीही पुरी नाही, कारण परीक्षेच्या आठवड्यात बाप मला चोपड्याला केळीच्या कापणीवर घेऊन गेला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी कॉम्प्युटरविषयी बोलणार आहे आणि कोणी तरी म्हणणारच की या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं. जे कळतं तेवढंच सांगतो.

आधी काटा म्हणजे काय ते समजून घ्या. जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी काढतात. शेतकरी कापूस गाडीत भरून आणतो. एवढा कापूस तराजूत घालून कोण मोजणार? म्हणून जमिनीत एक लोखंडी पाट बसवलेला असतो. त्यावर भरलेली गाडी उभी करायची आणि वजन घ्यायचं. हा भरला काटा. मग गाडी आत जाते, कापूस ढिगावर ओतते आणि परत येते. पुन्हा वजन. हा रिकामा काटा. भरल्यातून रिकामा वजा केला की कापूस किती ते कळतं. दुसरीच्या मुलाचं गणित आहे. पण एकदा कापूस ढिगात गेला की तो शंभर जणांच्या कापसात मिसळला. मग भरल्या काट्याचा आकडा हरवला तर देवही सांगू शकत नाही की तुझा कापूस किती होता. माझी सगळी नोकरी म्हणजे तो एक आकडा सांभाळणं.

लोक काय काय करायचे ते सांगितलं तर एक दिवाळी अंक वेगळा काढावा लागेल. भरल्या काट्याला गाडीखाली दगड बांधलेले, रिकाम्याला सोडलेले. एकाने तर सासऱ्यालाच कापसात पुरून आणलं होतं. मी आकडा लिहीत होतो आणि गाडीतून शिंक आली. मी म्हटलं, "पाव्हणे, कापसाला सर्दी झाली का?" सासरा बाहेर आला, डोक्यावर कापूस, आणि जावयाला म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं, तोंडावर फडकं टाक."

पण काटेवाला लबाड असला तर शेतकऱ्याला त्याहून जास्त बुडवतो, हे कोणी बोलत नाही. बैल जुंपलेले ठेवून भरला काटा घ्यायचा, मग बैलांना पोटभर पाणी पाजायचं आणि तसेच जुंपून रिकामा काटा घ्यायचा. दोन बैल जेवढं पाणी पितात तेवढा त्या माणसाचा कापूस कमी. मी एकतीस वर्षांत एकदाही बैलासकट गाडी तोलली नाही. बैल सोडा, मग बोला. रांग खोळंबायची, शिव्या पडायच्या. पडू देत.

आणि माझी एक रीत होती. भरला काटा झाला की वहीत तर लिहायचोच, पण गाडीच्या मागच्या फळीवर खडूने तो आकडा मोठा लिहायचो. गाडी आवारात कुठेही असो, दुरून दिसायचं की हिचा रिकामा काटा बाकी आहे. रिकामा झाला की ओल्या फडक्याने पुसायचो.

१९९७ साली कॉम्प्युटर आला. जळगावहून मिलिंद नावाचा तरुण तो बसवायला आला. मुलगा गुणी, मला "काका" म्हणायचा. आता फाटकावरचा कारकून नाव-गाव टाकायचा, शेतकऱ्याला पितळी बिल्ला द्यायचा. काट्यावर मी फक्त बिल्ल्याचा नंबर दाबायचा, आकडा आपोआप आत जायचा. रिकाम्याला पुन्हा तोच नंबर दाबला की पावती बाहेर. चुकीचा नंबर दाबला तर मशीन दोनदा टूं टूं करायचं. आमचे मॅनेजर चौधरीसाहेब खूश झाले आणि म्हणाले, "नाना, आता तो खडू बंद. बाहेरची माणसं येतात, गाड्या काय शाळेच्या पाट्या आहेत?" मी बंद केला. राग आला होता, पण बंद केला. वही तर कॉम्प्युटर आला तेव्हापासूनच बंद होती.

मिलिंदने जाताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, भरला काटा होऊन तीन दिवसांत गाडी रिकाम्याला आली नाही तर मशीन ती नोंद चुकीची समजून आपणच पुसून टाकतं. दुसरी, एक बटण दाबलं की ज्यांचा रिकामा काटा बाकी आहे त्या गाड्यांची यादी पडद्यावर येते. ते बटण मी कधी दाबलं नाही. यादी इंग्रजीत यायची. मला इंग्रजी आकडे येतात. पण एका ओळीत सात-आठ आकडे, त्यांतला बिल्ल्याचा कुठला, वजनाचा कुठला, तारखेचा कुठला हे सांगणारी अक्षरं वर इंग्रजीत. ती मला वाचता येत नाहीत हे त्या खोलीत कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. मी म्हणायचो, "माझी यादी माझ्या डोळ्यांत आहे." लोकांना ते कौतुकाचं वाटायचं.

आता दोन हजार सालाकडे येतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. पेपरात रोज काही ना काही यायचं. कॉम्प्युटरमध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असतं, नव्व्याण्णवनंतर दोन शून्यं आली की मशीनला वाटणार शंभर वर्षं मागे गेलो. विमानं पडणार, लाईट जाणार. आमच्याकडे लाईट रोजच जायची, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटलं नाही. माझ्या धुळ्याच्या साडूने मात्र दोन पिंप रॉकेल भरून ठेवलं. टपरीवर दोन पक्ष पडले. एक म्हणे सगळं बुडणार, दुसरा म्हणे हा कॉम्प्युटरवाल्यांचा धंदा आहे. जिनांचे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांचे, फिटर युसूफभाई, माझे वीस वर्षांचे दोस्त, दुसऱ्या पक्षात. ते म्हणायचे, "नाना, मशीनला साल कशाला पाहिजे? माझा जिन मला कधी तारीख विचारतो का?"

मी कुठल्याच पक्षात नव्हतो. मला फक्त एक गोष्ट सतावत होती. आमच्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी मेलेली होती. कोणी बदलली नाही. त्यामुळे रोज सकाळी चालू केला की तो आधी तारीख विचारायचा आणि ती मी घालायचो. दोन आकडे दिवसाचे, दोन महिन्याचे, दोन सालाचे. म्हणजे ज्या दोन आकड्यांवरून सगळं जग घाबरलं होतं ते रोज माझ्याच बोटाखालून जात होते. १ जानेवारीच्या सकाळी ती दोन शून्यंही मलाच दाबायची होती.

आणि आमच्याकडे आणखी एक रीत. अंधार पडल्यावर कापूस ओतू देत नाहीत. ढिगाजवळ कंदील नको, बिडी नको, एक ठिणगी पुरते. म्हणून संध्याकाळी आलेल्या गाड्यांचा भरला काटा करून त्या आवारात उभ्या करायच्या आणि उजाडल्यावर ओतायच्या. म्हणजे ३१ डिसेंबरला दहा-बारा गाड्यांचा भरला काटा नव्व्याण्णव सालात होणार आणि रिकामा शून्य सालात. मशीन त्यांचं काय करणार? हे पेपरात कुठेच नव्हतं. पेपरवाल्यांना कापूस रात्री ओतत नाहीत हे कुठून माहीत असणार?

एका रविवारी जळगावला वाचनालयाच्या हॉलमध्ये या विषयावर दोघांचं भाषण होतं. मी आणि युसूफभाई गेलो. एक कॉम्प्युटर क्लास चालवणारे गृहस्थ, त्यांनी पाऊण तास घाबरवलं. दुसरे कॉलेजचे प्राध्यापक, बारीक, शांत. ते म्हणाले, काही ठिकाणी गडबड होईल, बहुतेक ठिकाणी होणार नाही, कुठे होईल ते आधी सांगणं अवघड. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभा राहिलो.

"साहेब, तुम्ही दोघं भांडता आहात. पण कोणी तारीख पुढं करून पाहिली का?"

हॉल हसला. क्लासवाले म्हणाले, "आजोबा, ते एवढं सोपं नसतं." युसूफभाई माझा सदरा ओढायला लागले, "बैठो नाना, बैठो." पण प्राध्यापक हसले नाहीत. भाषण संपल्यावर ते स्वतः माझ्याजवळ आले आणि काट्याचं सगळं विचारलं. त्यांना भरला काटा आणि रिकामा काटा समजावताना मला बरं वाटलं. त्यांनी सांगितलं, "तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण चालू यंत्रावर तसं करू नका. आधी त्याची नक्कल काढून ठेवा, मगच तारीख बदला."

कॉम्प्युटरची नक्कल म्हणजे काय ते मला कळलं नाही. तिथल्या तिथे विचारायला काय जात होतं? पण एवढ्या लोकांनी हसल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे जड होतं. मी मान हलवली.

मिलिंदला दोनदा फोन लावून घेतला. तो म्हणाला, "काका, तुमचं मशीन छोटं आहे, काही होत नाही." मी रात्रीच्या गाड्यांचं सांगितलं तर म्हणाला, "हं. ते पाहावं लागेल. येतो." आठ दिवस आला नाही. त्याला सगळ्या जिल्ह्यातून बोलावणी होती.

मग डिसेंबरातल्या एका दुपारी मीच पाहायचं ठरवलं. जेवणाची सुट्टी होती, साहेब घरी गेलेले, फाटक बंद. मी आवारात नजर फिरवली. सकाळच्या गाड्या गेलेल्या दिसल्या. युसूफभाईंना बोलावलं आणि जिनिंगचा पाण्याचा टँकर भरून आणायला लावला.

"नाना, ये मत छेडो," ते म्हणाले. "बिघडलं तर नाव तुझं."

"बिघडलं तर निदान कळेल तरी," मी म्हटलं.

कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. त्याने तारीख विचारली. मी ३१ डिसेंबर ९९ घातली. भरलेला टँकर काट्यावर उभा करून एका बिल्ल्यावर वजन घेतलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी १ जानेवारी आणि दोन शून्यं. माझं बोट जरा थांबलं, खोटं कशाला बोलू. मग दाबलं. काही झालं नाही. पडदा रोजच्यासारखा आला. युसूफभाई म्हणाले, "देखा? जिन तारीख विचारत नाही."

त्यांनी टँकरचं पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर सोडलं, रिकामा टँकर काट्यावर आणला. मी तोच बिल्ला दाबला. टूं टूं. पुन्हा दाबला. टूं टूं. अशी गाडीच नाही. काही मिनिटांपूर्वी तोललेला टँकर मशीनच्या लेखी कधी आलाच नव्हता.

मला आनंद झाला. एका म्हाताऱ्या माणसाला एवढा आनंद कशाचा व्हावा, पण झाला. पुढाऱ्यांना, पेपरवाल्यांना, हॉलमधल्या त्या दोनशे लोकांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. मी खरी तारीख परत घातली आणि दोघं चहाला गेलो.

परत आलो तर काट्यावर यमुनाअक्का रिकामी गाडी घेऊन उभी.

अक्का एरंडोल रस्त्यावरच्या एका खेड्यातली. नवरा गेल्यापासून शेत स्वतः करायची, गाडी स्वतः हाकायची. वर्षाला एकच गाडी कापूस, पण तो वेचलेला असा की त्यात पान सापडायचं नाही. सकाळी पहिला भरला काटा तिचाच झाला होता. कापूस ओतून ती कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसच्या मागे निंबाखाली भाकरी खायला बसली होती, बैल तिथेच बांधलेले. माझ्या डोळ्यांतल्या यादीत ती नव्हती. फळीवर खडू असता तर दिसली असती.

"नाना, मनी गाडी घे काट्यावर," अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली आणि बिल्ला पुढे केला.

दाबला. टूं टूं.

पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"काय व्हयनं?"

"मशीन गाडी नाही म्हणतंय, अक्का."

"आसं कसं नही? सकायले तूच तोली ना गाडी. मना कापूस काय उडी गया?"

तेवढ्यात चौधरीसाहेब आले. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरला काय झालं? आणि मी म्हणालो, "दुपारी लाईट गेली होती." एकतीस वर्षांत त्या खोलीत मी बोललेलं ते पहिलं खोटं. युसूफभाई दारात उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

अक्कानंतर दोन गाड्या त्याच जागी ओतून, रिकामा काटा करून गेल्या होत्या. तिचा कापूस त्यांच्या खाली. साहेब म्हणाले, "आता असं करू, तुमच्या गावच्या गाड्यांची सरासरी काढू आणि ती लावू."

"सरासरी?" अक्का म्हणाली. "लोकेस्ना कापूसनी सरासरी मी कसाले लेऊ? मनी गाडी मनी शे."

मी म्हटलं, "साहेब, आकडा माझ्या डोक्यात आहे. बाराशे साठ किलो भरला काटा." आणि होता. मी सकाळचे पहिले तीन-चार आकडे विसरत नाही. पण साहेब म्हणाले, "नाना, डोक्यातल्या आकड्यावर पावती फाडायची तर एवढा कॉम्प्युटर कशाला आणला?" बोलणं बरोबरच होतं त्यांचं.

मग अक्काने गाडीचा दोर काढून आमच्यापुढे धरला. कापसाची गाडी भरताना चारी बाजूंनी बांबूचे तट्टे लावतात, आत माणूस चढून कापूस तुडवतो आणि वरून दोर आवळून खुंटीला बांधतात. तिचा दोर वर्षानुवर्षं तोच, भरताना तुडवायची ती स्वतः, आणि खुंटीला जिथे गाठ यायची तिथे दोर काळा पडलेला. सकाळी सोडलेल्या गाठीचा पीळ अजून त्यात तसाच होता.

"भरा मनी गाडी परत," ती म्हणाली. "गाठ आठे येई तवपर्यंत भरा. मग तोला."

साहेब आधी हसले, मग विचारात पडले. दुसरं काही सुचत नव्हतं. हमालांना बोलावलं. मी खिडकीतून पाहत होतो. टोपल्यावर टोपली कापूस गाडीत पडत होता आणि साठीची बाई पदर खोचून आत तुडवत होती. आवारातले सगळे गोळा झाले. एक हमाल म्हणाला, "अक्का, हळू तुडव, जास्त कापूस घुसेल." ती म्हणाली, "मी सकायले जशी नाचनू तशीच नाची ऱ्हायनू. तू टोपली टाक."

मध्येच ती वरून माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं सांग नाना, लाईट गयथी का?"

सगळे माझ्याकडे वळले. मला तेव्हा दोन गोष्टी दिसत होत्या. लाईट गेली म्हटलं की मी सुटलो. पण मग टँकरचं जे कळलं होतं ते कोणाला सांगणार? ते सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागणार. आणि नाही सांगितलं तर १ जानेवारीच्या सकाळी अशा दहा-बारा अक्का काट्यावर येऊन उभ्या राहणार, तेव्हा दोर कोणाकोणाचा मोजायचा?

"नाही गेली," मी म्हटलं. "मी तारीख पुढं करून पाहिली. दोन हजार साल आलं की मशीन गाड्या पुसतं. ते शोधायला गेलो आणि तुझी गाडी गेली."

चौधरीसाहेबांचा चेहरा लाल झाला. अक्का तुडवायची थांबली नाही. फक्त म्हणाली, "मनी गाडीवरच शोधाना व्हता का?"

दोराची गाठ काळ्या जागेवर आली. बैल न जुंपता गाडी ढकलत काट्यावर आणली. अक्काला खाली उतरवलं, तिचं भाकरीचं गाठोडंही उतरवलं. आकडा आला बाराशे पंच्याहत्तर. माझ्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा पंधरा किलो जास्त.

यानंतर जे भांडण झालं तसं जिनिंगमध्ये कधी झालं नसेल. अक्का म्हणाली, नानाचा आकडा लिहा. मी म्हटलं, नाही, काट्याने सांगितलं ते लिहायचं, काटेवाल्याचं डोकं काटा नाही. ती म्हणाली, "आते मी जास्त तुडवं व्हई. तू चुकना, पन तुना आकडा खोटा नही. पंधरा किलो तुना डोकाले दिधात, जाय." मी म्हटलं, माझं डोकं फुकटात काही घेत नाही. साहेब दोन्ही हात वर करून म्हणाले, "अरे, लोक जास्त मागायला भांडतात, तुम्ही उलटे कसे?" शेवटी त्यांनी बाराशे पंच्याहत्तर लिहिलं आणि सही केली. तो पंधरा किलोचा फरक तिच्या पायांचा की माझ्या डोक्याचा, मला आजही कळलेलं नाही. कधी कधी वाटतं, डोक्याचाच असेल. अठ्ठावन्न वर्षांचं होतं ते.

मला तीन दिवस काट्यावर बसू दिलं नाही. आवारात सरकीच्या पोत्यांवर देखरेख. चौथ्या दिवशी मिलिंद आला. त्याने आधी मशीनची नक्कल काढली. ती म्हणजे काय ते तेव्हा पाहिलं, एका चपट्या तबकडीवर सगळ्या नोंदी उतरवून घेतात, बस. एवढंच विचारायला मी त्या हॉलमध्ये तोंड उघडलं नव्हतं. मग त्याने टँकरचा तोच प्रयोग केला. टूं टूं.

"काका, तुमचं खरं आहे," तो म्हणाला. "मशीनला वाटतं १९०० साल आलं. गाडी तोललेली १९९९ ची. अंतर नव्व्याण्णव वर्षं. पुढचं की मागचं ते बघत नाही, तीन दिवसांहून जास्त दिसलं की पुसतं."

मी साहेबांकडे पाहिलं. पण मिलिंद पुढे म्हणाला, "पण अक्काची गाडी त्यामुळे गेली नाही. तुम्ही आधी ३१ डिसेंबर घातली ना? तेव्हाच तिच्या नोंदीला तीन दिवसांच्या वर झाले. मशीनने नियमाप्रमाणे पुसली. त्या वेळी ते शहाण्यासारखंच वागत होतं."

हे ऐकून मी उठलो आणि परत सरकीच्या पोत्यांकडे गेलो. मिलिंदने दोन दिवस बसून मशीन दुरुस्त केलं, नवी बॅटरीही टाकली.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. जगात कुठे काही पडलं नाही, बुडालं नाही. टपरीवर युसूफभाईंचा पक्ष जिंकला. साडूने रॉकेल वर्षभर वापरलं. आजही कोणी दोन हजार सालाचा विषय काढला की लोक हसतात, उगाच बोंब मारली होती म्हणतात. मी त्यांच्याशी भांडत नाही, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. आमच्या काट्यावर दोष खरा होता, मी माझ्या कानांनी ऐकला. पण त्या दोषाने कोणाचा एक किलो कापूस कधी खाल्ला नाही, कारण तो आधीच काढला. जो एक आकडा हरवला तो दोष शोधणाऱ्याने हरवला. मग धोका मोठा होता म्हणायचं की लहान? प्राध्यापक भेटले असते तर विचारलं असतं. दुसरे कोणी तरी याहून चांगलं सांगतील म्हणून हे लिहायला बसलो. एवढं मात्र नक्की, ज्या गाड्या पुसल्या गेल्या नाहीत त्यांचे मालक कधी कोणाला सांगायला येणार नाहीत की आमची गाडी वाचली. त्यांना तरी कुठे माहीत असतं?

३१ डिसेंबरला संध्याकाळी अकरा गाड्यांचा भरला काटा केला. मी घरून खडू आणला होता. साहेब बघत असताना अकराही फळ्यांवर आकडे लिहिले. रात्री बारा वाजता जगात काय झालं ते मला माहीत नाही, मी झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर काट्यावर गेलो. साहेब आधीच येऊन बसले होते. नव्या बॅटरीमुळे मशीनने तारीख विचारली नाही, दोन शून्यं आपणच वर येऊन उभी होती. मी ते बटण दाबलं, जे दोन वर्षांत कधी दाबलं नव्हतं. यादी आली. ओळी मोजल्या, अकरा.

"साहेब," मी म्हटलं, "मला इंग्रजी वाचता येत नाही. यातला वजनाचा आकडा कुठला?"

चौधरीसाहेब खुर्ची ओढून पडद्याजवळ आले आणि त्यांनी बोट ठेवून पहिलं नाव वाचलं, मग त्याचं वजन. मी खिडकीतून वाकून पहिल्या गाडीची फळी पाहिली. जुळलं. मग दुसरं नाव.